चला, ॲमस्टरडॅमला सायकल मारू!

दोस्तांनो, परदेशात सहलीला जाऊन आलेल्या काका-मावशांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. हॉलंडचे फोटो तर पाठच झालेत. पवनचक्कीपुढे उभं राहून एक, ट्यूलिपच्या बागेत एक, भल्यामोठ्या लाकडी बुटात पाय घालून एक आणि काचेच्या बोटीत बसून एक. की झालं हॉलंड! तोवर बसचा हॉर्न वाजतो आणि रात्रीचं जेवण दुसऱ्याच देशात.

अशा सहलीतही मजा असते, नाही असं नाही. पण ज्याला आपण सवयीनं हॉलंड म्हणतो, त्या नेदरलँड्समधली सगळ्यात गमतीची गोष्ट बसच्या खिडकीतून नुसती दिसते, कळत नाही. ती म्हणजे सायकल. या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख आणि सायकली सव्वादोन कोटींहून जास्त! म्हणजे घरातल्या प्रत्येकाला एकेक दिली तरी काही उरतातच.

हे लोक आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत बरं का. इतिहासाच्या पुस्तकात 'वलंदेज' भेटतात ना? वेंगुर्ल्याला ज्यांची वखार होती, तेच हे डच. त्यांच्या ॲमस्टरडॅम शहरात आज आपण शनिवारची एक चक्कर मारणार आहोत. समजा, तुम्ही चौघं मित्र-मैत्रिणी आहात, बरोबर एखादी ताई किंवा दादा आहे आणि हाताशी अर्धा दिवस आहे. एवढं पुरे. आठ-दहा किलोमीटरचा रस्ता, तोही सपाट. दम लागायची भीती नाही. वारा मात्र समोरून येईल, त्याची तयारी ठेवा!

पाण्याखाली सायकल स्टँड

सुरुवात मुख्य रेल्वे स्टेशनपासून करू. स्टेशनातून बाहेर आलात की समोर पाणी दिसतं. त्या पाण्याच्या खाली काय आहे, ओळखा पाहू! सायकल स्टँड. २०२३ च्या जानेवारीत तो सुरू झाला. पाणी उपसून खाली तळघर बांधलं आणि वर पुन्हा पाणी सोडलं. आत ७,००० सायकली राहतात. पहिले चोवीस तास फुकट!

हे पाहून तोंडात बोट घालाल, तर युट्रेक्ट शहराचं ऐका. तिथल्या स्टेशनाखाली तीन मजली स्टँड आहे. २०१९ मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा त्यात १२,५०० सायकलींची सोय होती. जगात एवढा मोठा सायकल स्टँड दुसरा नव्हता. आतल्या रस्त्यानं सायकल चालवतच आपल्या जागेपर्यंत जायचं, सायकल लावायची आणि वर जाऊन गाडी पकडायची. लोक घरून सायकलनं स्टेशनावर येतात, आगगाडीनं दुसऱ्या गावी जातात आणि तिथं उतरून पुन्हा सायकल घेतात. ऑफिसचे साहेबसुद्धा, टाय लावून!

उलटं पेडल मारलं की...

स्टेशनाच्या आसपास भाड्यानं सायकल देणारी बरीच दुकानं आहेत. ओळखपत्र दाखवायचं, अनामत ठेवायची आणि सायकल घ्यायची. दुकानदार दोन कुलपं देईल. एक मागच्या चाकाचं, आपल्याकडे असतं तसंच. दुसरं म्हणजे जाडजूड साखळी. ती खांबाला किंवा लोखंडी कठड्याला गुंडाळायची. सायकली भरपूर, तसे सायकलचोरही भरपूर!

सायकल पाहून कदाचित तुमचं तोंड वाकडं होईल. ना गिअरची गर्दी, ना रंगीत पट्टे. काळी, उंच, ताठ बसून चालवायची सायकल. चेनला पूर्ण कव्हर, मागं कॅरिअर, पुढं दिवा. या प्रकाराला डच लोक 'ओमाफीत्स' म्हणतात. 'ओमा' म्हणजे आजी आणि 'फीत्स' म्हणजे सायकल. आजीची सायकल! आपल्या लेडीज सायकलसारखी तिला मधली नळी नसते. त्यामुळे झगा, धोतर, साडी, काहीही नेसून चालवा.

एक गोष्ट मात्र दुकानाच्या दारातच शिकून घ्या. आपल्याकडे उतारावर आपण मजेत उलटं पेडल मारतो आणि चेन 'टर्रर्र' करत फिरते. तिथं तसं करायला जाल तर सायकल जागच्या जागी थांबेल. कारण त्या सायकलचा ब्रेक पेडलमध्येच असतो. पेडल मागं दाबलं की ब्रेक. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक पाहुण्याला हा धडा मिळतोच. म्हणून रिकाम्या गल्लीत दोन फेऱ्या मारा आणि मगच निघा.

आणि हो, तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात.

कालव्याकाठानं

आता लाल रंगाचा डांबरी पट्टा धरा. तो सायकलींचा रस्ता. निळ्या गोल पाटीवर पांढरी सायकल काढलेली असते. तिच्यावरून मोटार नेता येत नाही आणि माणसांनीही रेंगाळायचं नसतं. फोटो काढायला मध्येच थांबलात की मागून घंट्यांचा पाऊस!

थोड्याच वेळात कालवे लागतात. सतराव्या शतकात हे शहर वाढलं, तेव्हा अर्धवर्तुळात एकापुढे एक असे मोठे कालवे खणले. त्यांच्या काठांवर उंच, अरुंद घरं आहेत आणि घरांच्या माथ्यावर आकडे. त्या आकड्यांना दोर बांधून सामान वर चढवायचं, कारण आतले जिने अगदी चिंचोळे. २०१० साली युनेस्कोनं या कालव्यांना जागतिक वारसा ठरवलं.

पण ऐकून आश्चर्य वाटेल. १९५४ साली शहराच्या पोलीसप्रमुखांनी यातले बरेच कालवे बुजवून टाकायची योजना मांडली होती! कशासाठी? मोटारींना रस्ते आणि उभं राहायला जागा हवी म्हणून. लोकांनी ओरडा केला आणि कालवे वाचले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

कालव्यांचा आणि सायकलींचा आणखी एक संबंध आहे. दर वर्षी या कालव्यांतून बारा ते पंधरा हजार जुन्या सायकली बाहेर काढतात. वाऱ्यानं पडलेल्या, कुणी टाकून दिलेल्या, कुणी मस्करीत ढकललेल्या. लोखंडी पंजा असलेली बोट येते आणि मासे धरावेत तशा सायकली धरते.

प्रिन्सेनग्राख्त या कालव्यावर २६३ नंबरच्या घरापाशी जरा थांबू. 'ग्राख्त' म्हणजे कालवा. हे ॲन फ्रँकचं घर. तिची डायरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. १९४० ते १९४५ या काळात हा देश हिटलरच्या जर्मनीच्या ताब्यात होता. ज्यू लोकांवर एकेक बंदी येत गेली. ट्राममध्ये बसायचं नाही. बागेत जायचं नाही. १९४२ साली तर सायकलीही सरकारात जमा करायला लावल्या. ६ जुलै १९४२ रोजी तेरा वर्षांची ॲन आई-वडिलांबरोबर भर पावसात पायी चालत या लपायच्या जागी आली, कारण दुसरं काही वाहन वापरायला परवानगीच नव्हती. माणसाकडून सायकल काढून घेणं म्हणजे काय, ते या दारापाशी उभं राहिलं की कळतं. मनासारखं कुठंही जाणंच काढून घेणं ते.

बागेतली शाळा

तिथून दक्षिणेला गेलं की व्हॉन्डेलपार्क लागतं. १८६५ साली खुली झालेली ही मोठी बाग. शनिवारी इथं सगळं शहर लोटतं. बाकावर बसा आणि नुसत्या सायकली बघा. एका आईनं पुढं एक, मागं एक अशी दोन मुलं बसवलीत. एका बाबांच्या सायकलला पुढं लाकडी खोकं आहे. त्यात तीन पोरं, एक कुत्रा आणि आठवड्याची भाजी! या सायकलला 'बाकफीत्स' म्हणतात. एक आजोबा शांतपणे चाललेत. दोन मुली शेजारी शेजारी गप्पा मारत जाताहेत. कायद्यानं दोघांना जोडीनं सायकल चालवता येते, मात्र तिघांना नाही.

तिथली मुलं सायकल शिकतात घरी, पण रस्त्यावर चालवायची परीक्षा देतात शाळेत. साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी ही परीक्षा असते. आधी लेखी, मग प्रत्यक्ष रस्त्यावर. पाठीला नंबर लावून मुलं ठरलेल्या रस्त्यानं एकेकटी जातात. वळताना हात केला का, मागं पाहिलं का, सिग्नलला थांबली का, हे पाहायला वाटेत शिक्षक आणि पालक उभे असतात. त्यानंतर बरीच मुलं रोज एकटी सायकलनं शाळेत जातात.

आई-बाबांनो, आता तुमच्या मनात आलं असेल, 'त्यांचं काय! तिथले रस्तेच तसे. आपल्याकडे मुलांना एकटं सोडायचं म्हणजे जीव टांगणीला.' खरं आहे. पण तिथले रस्ते पहिल्यापासून तसे नव्हते. तीच गोष्ट सांगायला आपण पुढच्या चौकात जाणार आहोत.

म्युझियमच्या पोटातून

बागेतून बाहेर पडून थोडं पूर्वेला गेलं की राइक्सम्युझियमची लाल विटांची भव्य इमारत दिसते. १८८५ साली ती उघडली. वरच्या मजल्यावर रेम्ब्रांटचं 'द नाइट वॉच' हे जगप्रसिद्ध चित्र आहे आणि खाली, इमारतीच्या बरोबर पोटातून, कमानींखालून रस्ता जातो. त्यावरून लोक सायकली दामटत जातात! कमानीत कुणी व्हायोलिन वाजवत असतं. २००३ ते २०१३ अशी दहा वर्षं म्युझियमच्या दुरुस्तीचं काम चाललं. सायकलवाल्यांना आता इथून जाऊ देऊ नये, असंही काही जणांचं म्हणणं होतं. सायकलवाले हटले नाहीत. २०१३ मध्ये रस्ता पुन्हा त्यांना मिळाला.

पलीकडे मोठं हिरवं मैदान आहे. त्याचं नाव म्युझियमप्लेन. आज तिथं मुलं चेंडू खेळतात. पण काही दशकांपूर्वी या मैदानाच्या मधोमध रुंद मोटाररस्ता होता. 'देशातला सगळ्यात आखूड महामार्ग' अशी लोक त्याची थट्टा करत.

पुण्याच्या जुन्या लोकांना विचारा. ते सांगतील, 'आमच्या वेळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर होतं. कॉलेजात सायकल, कारखान्यात सायकल, सिनेमाला सायकल.' मग स्कूटर आल्या, मोटारी आल्या आणि सायकली कडेला गेल्या. ॲमस्टरडॅममध्येही अगदी हेच झालं होतं! दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथं सायकलींचं राज्य होतं. १९५० आणि १९६० च्या दशकांत लोकांच्या हाती पैसा आला, घरोघर मोटारी आल्या. सायकल म्हणजे जुनाट गोष्ट, असं पुढारीही म्हणू लागले. १९६७ साली डेव्हिड जोकिनेन या अमेरिकी वाहतूकतज्ज्ञानं एक आराखडा मांडला. जुन्या वस्त्या पाडा, एक कालवा बुजवा आणि सहा पदरी रस्ता थेट शहरात आणा!

आणि या वेगाची किंमत? १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसं गेली. त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. देश केवढा, तर तेव्हाची लोकसंख्या १ कोटी ३० लाखांच्या आसपास.

त्या मुलांत एक सहा वर्षांची मुलगी होती. सकाळी सायकलवरून शाळेत निघालेली. तिचे वडील व्हिक लांगेनहॉफ पत्रकार होते. १९७२ साली त्यांनी आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप डे किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांच्या हत्या थांबवा'. अपघात हा शब्द त्यांनी वापरलाच नाही. त्यांचं म्हणणं असं की रस्ते असे बांधले की मुलं मरणार हे ठाऊक असतं, मग त्याला अपघात कसं म्हणायचं?

या मथळ्याचंच नाव घेऊन एक चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या मार्ट्ये व्हान पुटेन. लहान मुलांच्या आया, बाबा, शिक्षक आणि मुलं यांची ही चळवळ. जिथं मूल गेलं त्या ठिकाणी ते जमत, रस्ता अडवून बसत. रस्ते काही वेळ बंद करून मुलांना खेळायला मोकळे करत. एकदा तर ते पंतप्रधान योप डेन आयल यांच्या घरापुढे जाऊन गाणी म्हणू लागले. पंतप्रधान बाहेर आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

१९७५ साली सायकलस्वारांनी आपली वेगळी संघटनाही काढली. त्या काळात हजारो लोक सायकलींवरून ॲमस्टरडॅमभर मोर्चा काढत. अशाच एका मोर्चात, आपण उभे आहोत त्या म्युझियमप्लेनवर, लोक आपापल्या सायकलीशेजारी जमिनीवर आडवे झाले. रस्त्यांवर गेलेल्यांची आठवण म्हणून.

डे पाइपची पोरं

मैदानापासून पाच मिनिटांवर 'डे पाइप' नावाची वस्ती आहे. जोकिनेनसाहेबांचा मोठा रस्ता हिच्यावरूनच जाणार होता. एकोणिसाव्या शतकात बांधलेली ही कामगारवस्ती. गल्ल्या अरुंद, घरं चिकटून. बांधली तेव्हा मोटारी नव्हत्याच. १९७० च्या सुमारास या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या आणि मधून धावणाऱ्या मोटारी. मुलांनी खेळायचं कुठं?

१९७२ साली डच टेलिव्हिजनवर या वस्तीतल्या मुलांवर एक माहितीपट दाखवला गेला. शाळकरी मुलं, साधारण तुमच्याच वयाची. ती घरोघरी जाऊन सह्या गोळा करतात. आमची गल्ली मोटारींना बंद करा, म्हणतात. एक दिवस तर ती स्वतःच गल्लीच्या तोंडाशी अडथळे उभे करतात. मोटारवाले खवळतात. एक-दोघं उतरून अडथळे फेकून देतात. मोठ्या माणसांची आरडाओरड आणि त्यांच्यापुढे न घाबरता उभी असलेली पोरं, असं ते दृश्य आहे.

एका दिवसात काही गल्ली मिळाली नाही. पण आज त्या वस्तीत जाऊन पाहा. कितीतरी गल्ल्यांत झाडं आहेत, खेळायची जागा आहे, मोटारी हळू जातात. शनिवार असल्यानं आल्बर्ट काइप बाजारही भरलेला असेल. तिथं सायकलवरून उतरा आणि हातानं धरून चाला. गरमागरम स्ट्रूपवाफेल घ्या. दोन पातळ बिस्किटांच्या मध्ये पाक भरलेला हा पदार्थ. आपल्या गूळपोळीची लांबची बहीणच म्हणा ना!

रविवारी मोटारी बंद!

मुलांचं आणि पालकांचं म्हणणं चालूच होतं, तेवढ्यात जगात दुसरंच काही घडलं. १९७३ च्या शेवटी अरब देशांनी नेदरलँड्सला तेल देणं थांबवलं. पेट्रोल वाचवायला हवं म्हणून सरकारनं रविवारी मोटारी चालवायला बंदी केली. पहिला असा रविवार ४ नोव्हेंबर १९७३. जानेवारी १९७४ पर्यंत हे चाललं. आणि काय गंमत! मोठमोठ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन आले. कुणी चाकांचे बूट घालून फिरलं, कुणी घोड्यावरून आलं, कुणी रस्त्यावर चादर पसरून डबा खाल्ला. रस्ता केवढा मोठा असतो आणि मोटार नसली की किती शांत असतो, हे सगळ्या देशानं एकाच वेळी पाहिलं.

मग कामं सुरू झाली. सायकलींसाठी वेगळे रस्ते आले. डेल्फ्ट गावात एक नवी कल्पना निघाली होती. गल्लीच अशी बांधायची, की मोटारीला वेग घेताच येऊ नये. मध्ये झाड, मध्ये बाक, मध्ये वळण. 'वोनएर्फ' असं तिचं नाव. १९७६ साली तिला कायद्याची मान्यता मिळाली. तिथं मोटारीनं माणसाच्या चालीनं जायचं आणि मुलांनी रस्त्यातच खेळायचं. पाटीवर घर, माणूस आणि चेंडू खेळणारं मूल काढलेलं असतं.

सगळं काही एका वर्षात झालं नाही. भांडणं झाली. गिऱ्हाईक येणार नाही म्हणून दुकानदार रागावले. पैशांचे वाद झाले. पण काम थांबलं नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून ॲमस्टरडॅमच्या बहुतेक रस्त्यांवर मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. आणि १९७१ साली तीन हजारांच्या वर गेलेला मृत्यूंचा आकडा २०२३ मध्ये ६८४ होता, लोकसंख्या बरीच वाढूनसुद्धा. ६८४ हाही लहान आकडा नव्हे. त्यात सायकलवर गेलेले २७० जण आहेत. म्हणून तिथली सायकल संघटना अजून गप्प बसलेली नाही.

होडीतून पलीकडे, आणि इकडे

आता परत स्टेशनाकडे. स्टेशनाच्या मागच्या बाजूला 'आय' नावाचं रुंद पाणी आहे. तिथून मोठी होडी सुटते. सायकल घेऊन सरळ आत शिरा. तिकीट नाही, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना फुकट! पाच मिनिटांत पलीकडचा काठ. थोडं पुढं गेलं की शहर संपतं. हिरवी कुरणं, काळ्या-पांढऱ्या गाई आणि बांधावरून जाणारी सायकलची वाट. पवनचक्कीपुढचा फोटो हवा असेल, तर आता काढा. तो तुम्ही कमावलेला असेल!

'आपल्याकडे डोंगर, ऊन, पाऊस. आपल्याला कसं जमणार?' असं कुणी म्हणेल. तिथंही पाऊस असतो, बोचरा वारा असतो. देश सपाट आहे, हा फायदा खरा. पण १९६० साली तो काही कमी सपाट नव्हता, तरी सायकली घटतच होत्या ना?

आपल्याकडेही चुणूक दिसली आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसा वाहनांना बंद ठेवून फक्त चालणाऱ्यांना दिला होता. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी नरिमन पॉइंट, वांद्र्याचा कार्टर रोड असे काही रस्ते रविवारी सकाळी वाहनांना बंद केले. तिथं मुलं सायकली घेऊन उतरली, कुणी दोरीच्या उड्या मारल्या, आजी-आजोबा रस्त्याच्या मधोमध चालले.

तर येत्या रविवारी सकाळी एक काम करा. मित्रांना गोळा करा, सायकलींत हवा भरा आणि कुणी मोठं माणूस बरोबर घेऊन आपल्याच शहरात एक चक्कर मारा. वही ठेवा. कुठं खड्डा आहे, कुठं रस्ता ओलांडताच येत नाही, शाळेजवळ कुठं मोटारी भरधाव जातात, ते लिहा. चक्कर संपली की त्याचा नकाशा काढा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या आणि आई-बाबांबरोबर जाऊन महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत द्या. पोच घ्यायला विसरू नका! डे पाइपच्या पोरांनीही सह्यांपासूनच सुरुवात केली होती.

चौकट: निघण्यापूर्वी एवढं पाठ करा

१. वळण्यापूर्वी मागं पाहा, मग त्या बाजूचा हात आडवा करा. हात न करता वळलात तर मागच्या आजीबाई ओरडतील.

२. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसतील. डच लोक त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. दातांची टोकं तुमच्याकडे असतील, तर थांबून दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

३. ट्रामच्या रुळांवरून तिरपं जाल तर चाक रुळात अडकेल. रूळ नेहमी आडवे, काटकोनात ओलांडा.

४. अंधार पडला की पुढं पांढरा आणि मागं लाल दिवा हवाच. नाहीतर दंड.

५. सायकल चालवताना मोबाइल हातात धरायचा नाही. १ जुलै २०१९ पासून तिथं तसा कायदाच आहे.

६. तिथले बहुतेक लोक शहरात हेल्मेट घालत नाहीत, कारण रस्ते वेगळे आहेत. तुम्ही मात्र घाला. आणि आपल्याकडे चालवताना तर घालाच घाला.

७. सायकल कुठं लावली, ते नीट लक्षात ठेवा. हजारो काळ्या सायकलींतून आपली काळी सायकल शोधणं हा ॲमस्टरडॅममधला सगळ्यात अवघड खेळ आहे. हँडलला एक रंगीत रिबीन बांधून ठेवा, काम सोपं होईल!